पानथरी नव्हती, गाठ होती

आमच्या आरमोरीच्या वस्तीतील एका तीन वर्षांच्या मुलाचे पोट डावीकडे फुगलेले त्याच्या आईला आंघोळ घालताना जाणवले. ही २०१८ ची गोष्ट. दुखत नव्हते, पोर खेळत होते. आपल्या भागात हिवताप, आपल्या समाजात सिकलसेल. पोट फुगले की पानथरी वाढली, असे म्हणून आपण मोकळे होतो. एका डॉक्टरांनी तेच सांगितले, आम्हीही मान डोलावली. दीड महिना गेला. लघवी लाल झाली, तेव्हा कुठे नागपूरला तपासणी झाली.

गाठ किडनीची होती. माक्स विल्म्स या जर्मन डॉक्टरांनी १८९९ मध्ये या रोगावर ग्रंथ लिहिला, म्हणून त्याला विल्म्स ट्यूमर म्हणतात. बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना तो होतो. याची गाठ तर हृदयापर्यंत पोहोचली होती.

वर्गणीसाठी विहारात बैठक झाली. "हृदयात गेले म्हणजे संपले. गरिबांचा पैसा कशाला पाण्यात घालता?" एक ज्येष्ठ बोलले. खरे सांगायचे तर वर्गणीची वही घेऊन बसलेल्या आमच्याही मनात तेच होते. मागे आई ऐकत होती. तिने मात्र मुंबईला जायचे ठरवलेच होते. शेवटी वर्गणी झाली.

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखविले. किडनीची शीर एका मोठ्या शिरेला मिळते आणि ती यकृतामागून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते. गाठ त्या शिरेतून, पाटातल्या वेलीसारखी, वर सरकते. शंभरात एखाद्याच मुलाची हृदयापर्यंत जाते. पण बहुतेक वेळा ती हृदयाच्या भिंतीत रुजलेली नसते. म्हणून आधी केमोथेरपीने ती आखडवतात, मग काढतात. तरीही हृदयात उरलीच, तर हृदयाचे काम यंत्रावर सोपवून ऑपरेशन करतात. धोका असतो, पण अशीही पुष्कळ मुले वाचतात.

भगिनींनो, अशी गाठ दाबून दाबून पाहू नये, ती फुटू शकते. आमच्या वस्तीत तर येईल तो पोट दाबून बघत होता!

उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसले. रेल्वेच्या स्लीपरचे भाडे रुग्णाला माफ असते. वर्गणी गेली ती राहण्याखाण्यात आणि बुडालेल्या मजुरीत. केमोने गाठ हृदयाखाली उतरली, यंत्र लागले नाही.

मुलगा शाळेत जातो. परवा वंदनेनंतर आई भेटली. जयभीम झाला. मग म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही बी चूपच होते नं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.