बंदुकीसाठी फिटनेस सर्टिफिकेट

माझ्या टेबलाच्या खणात कोऱ्या फिटनेस सर्टिफिकेटांचा गठ्ठा कायम असतो. दिव्यात त्याला चांगली मागणी आहे. कुणाला नव्या नोकरीसाठी हवं असतं, कुणाला कावीळ झाल्यानंतर कामावर रुजू व्हायला, कुणाला मुलाच्या क्रिकेट कॅम्पसाठी. बहुतेकांना तपासणी नको असते, शिक्का हवा असतो. "डॉक्टर, मला काय झालंय? तुम्ही फक्त सही करा."

मार्च २०२४ मध्ये माझे एक जुने पेशंट असाच एक फॉर्म घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.) जमिनीचे व्यवहार करतात, सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही म्हणतो. वय पन्नाशीच्या जवळ, दहा वर्षांपासून ब्लडप्रेशर, गोळ्या मनाला येईल तेव्हा. फॉर्म बघितला आणि मी चष्मा काढून पुसला. पिस्तुलाच्या परवान्यासाठीचा वैद्यकीय दाखला होता तो.

आपल्याकडे बंदूक बाळगणं हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो, आणि २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो. त्यात अर्जदाराची शारीरिक आणि मानसिक प्रकृती कशी आहे, त्याला दारू किंवा नशेची सवय आहे का, हे डॉक्टरने लिहून द्यायचं असतं.

"शेठ, पिस्तूल कशाला?"

"दिवस कसे आलेत बघताय ना, डॉक्टर."

बघत होतोच. महिन्यापूर्वीच, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला होता. कल्याण पूर्वच्या भाजप आमदारांना अटक झाली आणि जखमी झाले ते मित्रपक्षाचे, म्हणजे शिंदे यांच्या शिवसेनेचे, स्थानिक नेते. वाद जमिनीचा होता. सीसीटीव्हीची चित्रफीत दिव्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरली. आठवडा संपायच्या आत दहिसरमध्ये फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा गोळ्या घालून खून झाला. शेठचा निष्कर्ष असा की आपल्याकडेही पिस्तूल हवं. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. पोलीस ठाण्यात, पोलिसांसमोर, सगळ्या बाजूंना सुरक्षारक्षक असताना जर गोळी सुटते, तर कपाटातलं पिस्तूल कुणाला वाचवणार? त्याच नोव्हेंबरात त्या आमदारांच्या पत्नीला त्याच मतदारसंघात उमेदवारी मिळाली आणि त्या निवडूनही आल्या, पण हा माझा विषय नाही. मी ब्लडप्रेशर बघतो.

माझा विषय कोणता हे ठरवायला लोक नेहमी उत्सुक असतात. अमेरिकेत तर त्यावरून कोर्टकज्जे झाले. तिथले बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना विचारतात की घरात पोहण्याचा तलाव आहे का, औषधं उंचावर ठेवता का, बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का. शेवटचा प्रश्न झोंबला. २०११ मध्ये फ्लोरिडा राज्याने कायदाच केला की डॉक्टरांनी विनाकारण बंदुकीची चौकशी करायची नाही. सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं रद्द केली. २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने बंदुकांमुळे होणाऱ्या मृत्यूंबद्दल शिफारशी केल्या, तर बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर सुनावलं की डॉक्टरांनी आपल्या कामापुरतं बघावं. उत्तरादाखल सर्जन आणि नर्सेसनी आपल्या रक्ताने भिजलेल्या कपड्यांचे फोटो टाकले. हेच आमचं काम, म्हणाले.

बंदुकीबद्दल फार माहिती जमा होऊ नये याचीही तिथे व्यवस्था होती. आर्थर केलरमन नावाच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की घरात बंदूक असली तर त्या घरात कुणाचा तरी खून होण्याची शक्यता जवळजवळ तिपटीने वाढते, आणि मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा असतो. तीन वर्षांनी तिथल्या संसदेने सरकारी आरोग्यसंस्थेच्या निधीवर अशी अट घातली की पुढची वीसेक वर्षं या विषयावर संशोधनाला सरकारी पैसा जवळपास मिळालाच नाही. ताप मोजायचा नसेल तर थर्मामीटर फोडावा, तसं. ज्या खासदाराच्या नावाने ही अट ओळखली जाते, त्या जे डिकी यांना नंतर पश्चात्ताप झाला आणि त्यांनी तसं लिहिलंही.

आणि तरी मोजलेले आकडे आहेतच. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली. बातम्यांत आपण शाळेतला गोळीबार बघतो, पण यातले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे आहेत. हे मी शेठना सांगितलं तेव्हा ते हसले. "आत्महत्या करायला मला वेळ कुठंय, डॉक्टर?"

वेळ फार लागत नाही, हीच तर अडचण आहे. जीव द्यावा असं वाटण्याची तीव्र लाट बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. त्या वेळात हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. गोळ्या खाल्लेल्या माणसाला दवाखान्यात आणेपर्यंत वेळ मिळतो, त्यातले बहुतेक वाचतात. बंदुकीने प्रयत्न करणाऱ्या दहांपैकी नऊ जात असतात. आणि एकदा वाचलेली बहुसंख्य माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकं विकणं बंद केलं आणि तिथला आत्महत्येचा दर खूप खाली आला. लोकांची दुःखं संपली नव्हती, हाताशी असलेलं विष कमी झालं होतं. (मन असं झालं असेल, स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर दिवसरात्र चालू असतो.)

शेठचं ब्लडप्रेशर १७० आणि ११० निघालं. झोप येत नाही, रात्री दोन पेग लागतात, असं त्यांनी मागच्याच वेळी स्वतः सांगितलं होतं. आणि एक गोष्ट त्यांनी नाही, वहिनींनी सांगितली होती. बारावीतला मुलगा सहा महिन्यांपासून कुणाशी बोलत नव्हता.

मी फॉर्म परत दिला. म्हटलं, तीन महिने गोळ्या नीट घ्या, दारू थांबवा, मग बघू. शेठ रागावले नाहीत, फक्त थोडे दुखावले. "वीस वर्षांची ओळख, डॉक्टर." त्या ओळखीमुळेच सही करत नव्हतो, हे त्यांना कसं सांगणार?

कबूल करतो, नंतर मला वाटलं की मी अमेरिकेचं फारच मनावर घेतोय. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या नातीला बालवाडीत लाइट बंद करून कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव करायला लावतात, शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं म्हणून. ऐकून मी म्हणालो होतो, हे लोक हे सहन कसं करतात? ती म्हणाली, "तुम्ही दिव्याला सकाळी लोकल पकडता ते कसं सहन करता?" ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, चार जण त्याच दिवशी गेले. माझ्या वेटिंग रूममध्ये त्या संध्याकाळी लोक म्हणत होते, दारात लटकायचंच कशाला. पिस्तूल कुणाला मारत नाही, माणूस मारतो, असं तिकडे म्हणतात ना, तसंच.

शेठना सर्टिफिकेट दुसरीकडून मिळालं. परवानाही मिळाला. मला ते सहा महिन्यांनी कळलं, ब्लडप्रेशर दाखवायला आले तेव्हा.

"ठेवता कुठे?"

"कपाटात."

"आणि किल्ली?"

"देव्हाऱ्यात."

म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. मी त्या दिवशी वीस मिनिटं बोललो, बाहेर पेशंट खोकत होते. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा. किल्ली तुमच्याच अंगावर असू द्या. मुलाला माझ्याकडे पाठवा. शेठ मान डोलवत राहिले, जशी गोळ्यांच्या वेळी डोलवतात. मुलगा मात्र पुढच्या आठवड्यात आला. त्याला मी डोंबिवलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि तो जातो आहे.

मागच्या महिन्यात शेठचं पोट दुखत होतं. तपासायला शर्ट वर केला, तर करगोट्याला एक छोटी पितळी किल्ली बांधलेली. मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. ब्लडप्रेशर १४० आणि ९० होतं.