अंगावर काढलेल्या आजाराची नोंद कोण ठेवणार?

माझी आत्या गंगाखेड तालुक्यातली. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला ती आणि मामा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायचे. एका हंगामात तिला खोकला लागला. दोन महिने तिनं तो अंगावर काढला, कारण खाडा पडला की पैसे कापले जायचे. गावी परतल्यावर एक्स-रे काढला तेव्हा क्षयरोग निघाला. फडावरच्या त्या दोन महिन्यांची कुठल्याच दवाखान्यात एका ओळीचीही नोंद नाही.

हे आज सांगण्याचं कारण म्हणजे आता संगणक औषधं शोधू लागलाय. मशीन लर्निंगमध्ये यंत्राला नियम सांगत नाहीत. उदाहरणं आणि त्यांची उत्तरं दाखवतात, त्यावरून ते स्वतः खुणा ओळखतं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सुमारे २,३०० रेणूंवर असं यंत्र शिकवलं: कोणता रेणू जिवाणूची वाढ रोखतो, कोणता नाही. त्या यंत्रानं हजारो रेणूंतून हॅलिसिन निवडलं. प्रयोगशाळेत ते क्षयरोगाच्या जिवाणूवरही चाललं. औषध म्हणून ते रुग्णापर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. पण छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय सांगणारी यंत्रं आजच वापरात आहेत. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्यांची शिफारस केली.

यावर आपले काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "यंत्राला जात कळत नाही, म्हणून ते निःपक्षपाती." मित्रांनो, अमेरिकेत २०१९ साली एका संशोधनानं हा भ्रम फोडला. जादा उपचारांची गरज कुणाला, हे ठरवणाऱ्या यंत्राला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. ते मागचा दवाखान्याचा खर्च पाहायचं. काळ्या रुग्णांवर खर्च कमी झालेला, म्हणून यंत्रानं त्यांना कमी आजारी मानलं. ही चूक दुरुस्त केली, तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं आढळलं.

आता आत्याचा खोकला आठवा. खर्च शून्य, नोंद शून्य. मग यंत्राच्या हिशेबात ती ठणठणीतच! यंत्राला जात कळत नसेल, पण ज्या नोंदीवर ते शिकतं तिच्यात जात मुरलेली असते.

म्हणून यंत्रच नको म्हणायचं का? मुळीच नाही. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीवादावर बाबासाहेबांनी १९४५ साली कठोर टीका केली. माणसाला ढोरमेहनतीतून सोडवायला यंत्र लागतंच, ही त्यांची भूमिका. पण १९३२ च्या लोथियन समितीसमोर अस्पृश्यांची संख्याच कमी दाखवण्याचा डाव झाला, तेव्हा ते आकड्यांसाठीही भांडले. ज्याची मोजणी नाही त्याला वाटा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपली मागणी साधी आहे. आरोग्य तपासणी फडावर पोचली पाहिजे, आणि तिथली नोंद मजुराबरोबर गावी आली पाहिजे. परभणीत असं यंत्र वापरायचं असेल, तर ते आधी इथल्याच रुग्णांवर तपासा. बायका, ऊसतोड मजूर, दलित, आदिवासी यांच्यात ते किती चुकतं, याचे वेगळे आकडे जाहीर करा. नावं गुप्त ठेवा, आकडे उघडे ठेवा.

आत्या सहा महिने गोळ्या घेऊन बरी झाली. पुढच्या आत्याचा खोकला मात्र यंत्राला वेळेवर ऐकू आला पाहिजे.

जय भीम!