गट माहीत नाही

भाईंदर, २०२४

११ जून
परळहून माहितीपत्रक घरी आणलं. पानंच पानं, मराठी पण वकिली. "वाचा, घरी बोला, घाई नाही," कोऑर्डिनेटर म्हणाली. पीसीओएसवाल्या बायकांचा अभ्यास. लेट्रोझोल सगळ्यांना. सोबत एक कॅप्सूल. कुणाच्या कॅप्सूलमध्ये औषध, कुणाच्या नुसती पावडर.

१२ जून
स.ने पेन्सिलीने खुणा केल्या. इजा झाली तर उपचार मोफत. कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता. तिकिटाचे पैसे मिळतील. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांकही आहे. औषधांच्या चाचण्या तिथे आधी नोंदवणं २००९ पासून सक्तीचं. स.ने लगेच मोबाइलवर शोधून खात्री केली.
बाळाची हमी कुठेच नाही. दोघांनीही शोधली.

१४ जून
सह्या झाल्या. मला कुठली कॅप्सूल, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मलाही कळणार नाही. कॉम्प्युटर ठरवतो."
रात्री आई म्हणाल्या, "म्हणजे कौलच लावायचा. पण आमच्या गावचा गुरव निदान सांगतो तरी, उजवी पाकळी पडली की डावी."

२१ जून
वटपौर्णिमा. पहाटे पाळी आली. वडाला जाता येणार नाही म्हणून आई खट्टू. शेजारणी नटूनथटून निघाल्या. मी कोऑर्डिनेटरला मेसेज केला : आज पहिला दिवस.

२२ जून
भाईंदरहून सुटणारी गाडी, खिडकी मिळाली. दादरला बदलून प्रभादेवी. सोनोग्राफी, रक्त. मग डबी. पांढरी, प्लॅस्टिकची. औषधाचं नाव नाही, नंबर आहे. खाली बारीक अक्षरात : फक्त संशोधनासाठी. घरी येऊन एक कॅप्सूल ट्यूबलाइटसमोर धरली. काही दिसत नाही.
शेठना सांगितलं, दातांचं काम निघालंय.

२५ जून
डोकं ठणकतंय. गोळीने, कॅप्सूलने, की गाळ्यातल्या पॉलिशच्या आवाजाने? दिवसभर स्टीलच्या डब्यांवर चक्र फिरतं. कार्डावर लिहिलं : डोकेदुखी, मध्यम. कारणाचा रकाना नाही.

२७ जून
लेट्रोझोल संपली. जेवणाच्या सुट्टीत तिच्याबद्दल वाचलं. मूळची स्तनाच्या कॅन्सरची गोळी. २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली, २०१७ मध्ये उठवली. मध्ये, २०१४ साली, अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. आमच्यासारख्याच ७५० जणी. चिठ्ठी पडेल ती गोळी. लेट्रोझोलवाल्यांत २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफिनवाल्यांत १९.१ टक्के.
बाकीच्यांना नाही झालं. त्यांनाही मोजलं, म्हणून टक्के निघाले.

३० जून
सोनोग्राफीच्या बाकावर नालासोपाऱ्याची एक. कानाशी येऊन म्हणाली, "मी उघडून चाखली. कडू आहे. तुझी?"
मी नाही चाखली.

१ जुलै
नाहीच चाखली. डबी आईंच्या कपाटात ठेवायला दिली.

३ जुलै
फॉलिकल १९ मिलिमीटर. इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी रात्री सांगितल्या. स.ची नाइट. त्याने शिफ्ट बदलून घेतली. सुपरवायझरला काय सांगितलं, मी विचारलं नाही.

८ जुलै
रात्रभर पाऊस. शाळांना सुट्टी, मध्य रेल्वे ठप्प. कोऑर्डिनेटर डोंबिवलीची. अडकलेल्या गाडीतून तिचा फोन : "ताई, कॅप्सूल चालू आहे ना?"

१२ जुलै
रक्त दिलं. प्रोजेस्टेरॉन चांगलं आलं, म्हणजे बीज फुटलंय. केईएमवरून चालत स्टेशनला. ६ ऑगस्ट १९८६ ला इथेच टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा, डॉ. आनंदकुमार ही नावं पेपरात वाचलेली. हर्षाच्या आईआधी कितीजणी त्या टेबलावर झोपल्या असतील? त्यांची नावं कुठल्या पेपरात आली नाहीत.

१५ जुलै
छाती दुखतेय. चांगलं लक्षण म्हणतात. वाईटही म्हणतात.

१७ जुलै
आषाढी. आईंनी मला उपवास करू दिला नाही. वरणभात पुढ्यात ठेवला. "तुझी एकादशी मी धरते."

१९ जुलै
पाळी आली.
कार्डावर तारीख लिहिली.

२० जुलै
डबी परत केली. फार्मासिस्टने उरलेल्या कॅप्सूल ट्रेमध्ये ओतून दोनदा मोजल्या. बरोबर भरल्या. कोऑर्डिनेटर म्हणाली, "इथे थांबलात तरी चालेल. तुमचा डेटा वाया जाणार नाही." बहुतेक समजुतीसाठी म्हणाली. मला राग आला, मग नाही.
विचारलं, कुणाला काय दिलं ते शेवटी उघडाल, तेव्हा मला कळवाल? बाळ असो, नसो.
"तसं कुणी विचारत नाही."
"मी विचारतेय. लिहून घ्या."
तिने फाइलच्या कडेला लिहिलं. खाली मी सही केली.
नवी डबी. नंबर तोच.
गाडीतून शेठना मेसेज : यायला उशीर होईल. अजून एक दाढ निघालीय.