माजघरांतील बोलपट

वयाची साठी उलटल्यावर मनुष्यास एखादें व्यसन असावें आणि तें घरच्या माणसांच्या देखत उजळ माथ्यानें करतां यावें, याहून मोठें भाग्य आम्हांस ठाऊक नाहीं. आमचें व्यसन जुने बोलपट पाहण्याचें. रात्रीं जेवणें आटोपलीं, स्वयंपाकघरांतली झांकपाक झाली, कीं आम्ही सोप्यांतल्या आरामखुर्चींत जाऊन बसतों आणि थोरल्या नातीस हांक मारतों. ती येऊन दूरदर्शनच्या संचाची कळ दाबते. कोणता बोलपट लावूं, असें ती विचारीत नाहीं. "आजोबा, आज पुन्हां प्रभातचाच ना?" एवढेंच म्हणते. त्या 'पुन्हां' या शब्दावर ती जो जोर देते, त्याची तक्रार आम्हीं अद्याप कोणाकडे केलेली नाहीं.

आमची शाळा शालान्त परीक्षेशींच संपली. परंतु वडिलांनीं लहानपणीं रूपावली, अमरकोश आणि पुढें रघुवंशाचे सर्ग म्हणवून घेतले होते. त्या शिदोरीवर वाईच्या एका प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली, आणि संस्कृताची हौस रविवारीं घरीं येणाऱ्या चार मुलांवर भागविली. मासिकांसाठीं लिहिण्याचा नाद मात्र नोकरींत असतांनाच लागला होता. एखाद्या संपादकांस दिवाळी अंकाकरितां जुन्या बोलपटांवर कांहीं हवें झालें, म्हणजे त्यांस आमची आठवण होते. मानधन कधीं येतें, कधीं येत नाहीं. आमच्या कुटुंबास 'संत तुकाराम' मधील आवली फार आवडते. ती इतकी कां आवडते, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंतच बजावून ठेवलें आहे, कीं जुनें म्हणून तें सारें चांगलें असें नव्हे. हें आम्हांस पाठ आहे. म्हणून जुन्यांतलें टाकाऊ आम्हीही टाकतों. पुठ्ठ्याचे राजवाडे आणि त्यांतून चाललेलें पल्लेदार भाषण आम्हांस आतां सोसत नाहीं. तेथें आम्ही खुशाल डुलकी घेतों. पण १९३६ चा 'संत तुकाराम' लागला कीं डोळा लागत नाहीं. दामले आणि फत्तेलाल यांनीं त्यांत काय केलें आहे, हें अनेकांनीं लिहिलें आहे. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हेंही सर्वश्रुत आहे. आमचें लक्ष दरवेळीं विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्याकडे जातें. या गृहस्थानें पूर्वायुष्यांत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या, आणि मागाहून तुकोबा असा उभा केला, कीं पुढें कित्येक घरांत तुकोबांचें रूप म्हणून त्यांचेंच रूप डोळ्यांपुढें येऊं लागलें.

त्याच बोलपटांत बीं आणि झाड यांच्या दाखल्याचें एक पद आहे. तें तुकोबांचेंच समजून आम्हीं सात-आठ वर्षें चौथीच्या मुलांकडून पाठ करून घेतलें. पुढें एकदां एका लेखासाठीं तें गाथेंत शोधूं लागलों. एक प्रत चाळली, दुसरी चाळली, तिसरी शेजाऱ्यांकडून मागून आणली. अभंग कांहीं सांपडेना. अखेर कळलें, कीं तें शांताराम आठवले यांनीं बोलपटाकरितां रचलेलें आहे. आमच्याहून फार मोठे जाणकारही तेथें फसले होते, हें समजल्यावर थोडें बरें वाटलें. त्या मुलांस मात्र आम्ही खुलासा करावयास गेलों नाहीं. तीं आतां चाळिशींत असतील.

बोलपट घरीं पाहण्याची सोय आम्हांस उशिरां मिळाली. मुंबईस दूरदर्शन १९७२ सालीं आलें. आमच्या सोप्यांत काळा-पांढरा संच येईपर्यंत १९८५ साल उजाडलें. शनिवारीं संध्याकाळीं मराठी चित्रपट असे आणि अर्धी आळी आमच्याकडे असे. चहाच्या कपांची मोजदाद कुटुंबानें सोडून दिली होती. मग भाड्यानें मिळणाऱ्या फिती आल्या, मग तबकड्या आल्या, आणि आतां तर हवेंतून काय येतें तें नातच जाणे. या प्रत्येक सोयीचें आम्हांस अप्रूप वाटतें, कारण हीं चित्रें उरलीं हाच एक चमत्कार आहे. पूर्वींच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या आपोआप सडतात आणि ठिणगी लागतांच पेटतात. आपल्या देशांत तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले आज पंचवीस-तीस उरले आहेत, आणि त्यांतलेही कित्येक तुटक. प्रभातची पुण्यांतली जागा १९६० सालीं सरकारी चित्रपटशिक्षण-संस्थेकडे गेली. तेथेंच जानेवारी २००३ मध्यें फितींच्या कोठारास आग लागली. ती बातमी वाचून आम्ही दोन दिवस नीट जेवलों नाहीं. सुदैवानें पुष्कळांच्या प्रती निराळ्या काढलेल्या होत्या.

चित्रगृहांत आणि घरांत एक मोठा भेद आहे. तेथें बोलपट आपल्या चालीनें जातो आणि आपण त्याच्यामागून फरफटत जातों. घरीं तो थांबवितां येतो, मागें नेतां येतो, अर्ध्यावर मिटून ठेवतां येतो. म्हणजे पोथीसारखा वाचतां येतो. ही गोष्ट आम्हांस ज्यांनीं शिकविली, त्यांची हकीकत आतां सांगतों. खरें पाहतां तीच सांगण्यासाठीं हा लेख घेतला आहे.

आमच्या थोरल्या काकू म्हणजे वडिलांच्या सर्वांत मोठ्या बंधूंचें द्वितीय कुटुंब. १९४० सालीं त्या या घरांत आल्या, तेव्हां त्यांचें वय पंधरा आणि काकांचें बेचाळीस. १९५८ मध्यें काका गेले. काकूंस मूलबाळ नव्हतें. आम्ही त्या वेळीं वर्षाचे होतों, आमची आई सदा आजारी. तेव्हां आम्हांस न्हाऊं-माखूं घालण्यापासून शाळेच्या दारापर्यंत पोंचविण्याचें सारें काकूंनींच केलें. काकांचें भिंतीवरचें घड्याळ दर आठवड्यास किल्ली देऊन चालू ठेवणें, हेंही त्यांनीं आपल्याकडे घेतलें होतें.

सोप्यांत बोलपट लागला तरी काकू पुढें येत नसत. माजघराच्या उंबरठ्याच्या आंत वातींचा कापूस घेऊन बसत. तेथून त्यांस अर्धाच पडदा दिसे. "काकू, पुढें या ना," असें सुनांपैकीं कोणी म्हटलें, तर "ऐकूं येतंय मला," म्हणत. पंचवीस वर्षें आम्हीं त्या उत्तरावर समाधान मानलें. संच चार हात सरकवावा, किंवा एक खुर्ची तेथें नेऊन ठेवावी, हें घरांतल्या एकाही शिकलेल्या माणसास सुचलें नाहीं.

२०११ सालीं आम्हीं एका दिवाळी अंकासाठीं 'कुंकू' या बोलपटावर लेख लिहून पाठविला होता. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं तो १९३७ मध्यें काढला. तरुण नीरेचें लग्न वयस्क बिजवर वकिलाशीं, काकासाहेबांशीं, फसवून लावून देतात, आणि ती मुलगी हें लग्न मुळीं मानीतच नाहीं, अशी गोष्ट. शांता आपटे नीरा झाली आहे आणि केशवराव दाते काकासाहेब. लेख गेल्यावर मनाची खात्री करून घ्यावी म्हणून गणपतींत एका रात्रीं त्याची तबकडी लावली. घर भरलेलें होतें. आम्हीं मास्तरी संवयीप्रमाणें प्रारंभींच व्याख्यान दिलें, कीं या बोलपटांत पार्श्वसंगीत अजिबात नाहीं. पाउलें, भांडीं, दार, घड्याळाची टिकटिक, एवढ्यावरच सारें काम भागविलें आहे, तेव्हां कान देऊन ऐका. मंडळींनीं कान दिले. थोड्या वेळानें माजघरांतून काकू आल्या.

"काय रे, बंद पडलं का? आवाज येत नाहींसा झाला."

बंद पडलें नव्हतें. पडद्यावर नीरा आणि काकासाहेब समोरासमोर उभीं होतीं आणि कोणीच बोलत नव्हतें. काकू दाराशीं उभ्या राहिल्या. मग तेथेंच भिंतीला टेकून बसल्या. धाकट्या भावजयीनें उठून आपली जागा दिली, ती त्यांनीं घेतली नाहीं. वाती मात्र माजघरांतच राहिल्या.

काकासाहेबांचा तरणा मुलगा नीरेची छेड काढावयास जातो आणि ती त्यास छडीनें झोडपून काढते, असा एक प्रसंग आहे. तेथें काकू हंसल्या. तोंडाला पदर लावून नव्हे, मोठ्यानें हंसल्या. आमच्या त्या वेळच्या चौपन्न वर्षांत आम्हीं काकूंचें असें हंसणें ऐकलें नव्हतें.

"मागं जातं का रे हें?"

"जातं."

"मग ने."

तो प्रसंग आम्हीं त्यांस तीनदां दाखविला.

शेवटीं काकासाहेबांस आपली चूक उमगते आणि नीरेला मोकळें करण्यासाठीं ते जगाचा निरोप घेतात. दिवा लावला तेव्हां सोप्यांत बहुतेकांचे डोळे ओले होते, आमचेही होते. केशवराव दात्यांनीं तें काम फारच थोर केलें आहे. आम्ही त्याविषयीं बोलूं लागलों, तों काकूंनीं विचारलें, "ती पुढं काय करते?"

"काकू, बोलपट इथंच संपतो."

"असं होय."

मंडळी उठलीं, अंथरुणें पडलीं. आम्ही तबकडी डबींत ठेवीत होतों. काकू घड्याळाखालीं उभ्या होत्या.

"हा माझ्या वडिलांनीं पाहिला होता," त्या म्हणाल्या. "पुण्याला कोर्टाच्या कामाला गेले होते. परत आले ते रात्रीं आईला सगळी गोष्ट सांगत बसले. आम्ही चौघी बहिणी पांघरुणांतून ऐकत होतों. सांगतांना त्यांचा गळा दाटून आला. असं कुणाच्या पोरीचं होऊं नये, म्हणाले." मग थोड्या वेळानें, भाजीचा भाव सांगावा तशा स्वरांत, "आणि तिसऱ्या वर्षीं मला इथं दिली."

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. आमची अडचण पाहून काकूंनींच पुढें म्हटलें, "त्यांचा तरी काय इलाज होता, बाळ? चौघी आम्ही. इथं हुंडा मागितला नाहीं."

आमच्या लेखांत एक वाक्य होतें, कीं या एका बोलपटानें सहस्रावधि पित्यांचे डोळे उघडले. तें लिहितांना आम्हांस किंचित् शंकाही आली नव्हती. उलट त्या वाक्याचा डौल आम्हांस आवडला होता. दुसऱ्या दिवशीं संपादकांस दूरध्वनि केला, वाक्य काढून टाकण्याची विनंति केली. ते सज्जन होते, पण तो फर्मा छापून झाला होता. अंकांत तें वाक्य आहे. त्या खेपेस मानधन मात्र वेळेवर आलें.

काकूंच्या वडिलांचें रडणें खोटें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. पदरीं चार मुली, कचेरींतली कारकुनी, आणि समोर हुंडा न मागणारा, घरचा बरा बिजवर. त्या माणसास नीरेविषयीं जें वाटलें तें खरेंच वाटलें असेल, आणि नंतर जें केलें तेंही त्यानें गळा दाटूनच केलें असेल. त्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार तरी कोणता? त्याच सोप्यांत बसून पडद्यावरच्या कितीतरी दुर्दैवी स्त्रियांसाठीं आम्हीं पंचवीस वर्षें डोळे पुसले होते, आणि चार हातांवर उंबरठ्याआड ज्या बसल्या होत्या, त्यांस अर्धा पडदा दिसतो हें आम्हांस दिसलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सुनेनें कोणास न विचारतां संच उत्तरेच्या भिंतीकडे हलविला आणि हातांची खुर्ची समोर आणून ठेवली. काकू दोन दिवस त्या खुर्चीकडे पाहत होत्या. तिसऱ्या दिवशीं बसल्या. पुढें चार वर्षें आमचे बोलपट त्याच निवडीत. 'शेजारी' मध्यें धरण फुटतें तें त्यांस पाहवत नसे. 'रामशास्त्री' आवडे, पण त्याहून 'माणूस' मधली मैना अधिक आवडे. सोंवळ्याओंवळ्याच्या या बाईस त्या मैनेंत काय दिसलें, हें आम्हीं विचारलें नाहीं. 'कुंकू' तर महिन्या-दोन महिन्यांनीं लागेच. छडीचा प्रसंग आला कीं मागें न्यावयाचा, पुन्हां पाहावयाचा, आणि शेवटचीं पंधरा-वीस मिनिटें उरलीं कीं काकू म्हणत, "बंद कर आतां. झोपूं या." एकदां आम्हीं म्हटलें, "काकू, थोडाच राहिलाय." तेव्हां त्या म्हणाल्या, "तो त्याचा राहिलाय. तिचा झाला."

२०१५ सालीं काकू गेल्या. वयाला नव्वद वर्षें पुरीं झालीं होतीं. घड्याळास किल्ली देण्याचें काम आमच्याकडे आलें.

थोरली नात त्या वेळीं सहा-सात वर्षांची असेल. तिला काकू आठवतात त्या खुर्चीसकट, परंतु हें सारें तिला कोणी सांगितलेलें नाहीं. तरी परवां 'कुंकू' लावला असतां, अगदीं ठराविक जागीं, तिनें आपण होऊन कळ दाबली.

"आजोबा, पुढचं तुम्हांला बघायचं नसतं ना?"

"नाहीं," आम्हीं म्हटलें, आणि किल्ली शोधूं लागलों. रविवार होता.