नकलेतील चुका

लहानपणी वडील मला रोज एक पान शुद्धलेखन लिहावयास बसवीत. पान पुरे झाले की तांबड्या शाईने चुका दाखवीत. मौज अशी की, त्या चुका पानभर सारख्या विखुरलेल्या नसत. ‘महत्त्व’, ‘उज्ज्वल’ अशा जोडाक्षरांशी लेखणी हमखास घसरे आणि एक अक्षर गळे. खाली शेरा ठरलेला, ‘निष्काळजी’. तो मनाला फार लागे.

पुढे जीवशास्त्र शिकताना ‘एश्चेरिशिया कोलाय’ या आपल्या आतड्यातील जंतूची ओळख झाली. अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. प्रत्येक वेळी सुमारे ४६ लक्ष अक्षरांच्या पोथीची नक्कल करावी लागते. वर्णमाला मात्र अवघ्या चार अक्षरांची. इतके लिहूनही साधारण हजार नकलांमागे एखादीच चूक उरते. कारण लिहिणारे विकरच आपली चूक खोडते आणि मागाहून दुसरी प्रथिने पुन्हा तपासणी करतात.

तरीही उरलेल्या चुका पोथीभर सारख्या पडत नाहीत. एकच अक्षर ओळीने अनेकदा आले की नकलेचा धागा घसरतो आणि अक्षर गळते वा वाढते. थेट माझ्यासारखेच! दुसरे कारण निराळे. सायटोसिन हे अक्षर बिघडले की त्याचे युरॅसिल होते. ते परके म्हणून लगेच काढले जाते. परंतु ज्यावर मिथिल गट बसला आहे ते सायटोसिन बिघडले, तर त्याचे थायमीन होते. हे तर वर्णमालेतलेच अक्षर. म्हणून ते पुष्कळदा निसटते. १९७८ साली एका जनुकात अशीच स्थाने चुकांची आगरे असल्याचे आढळले.

जंतू जाणूनबुजून चुकत नाही. संकट येण्यापूर्वीच चुका घडलेल्या असतात, हे लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ साली दाखविले. पण काही चुका उपयोगी पडतात. ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’ या जंतूच्या काही जनुकांत चार-चार अक्षरांची पुनरावृत्ती असते. तेथे धागा घसरला की जनुक बंद वा चालू होते, जंतूचे बाह्यरूप पालटते आणि आपल्या शरीराचे पहारेकरी फसतात.

आज मुलीची वही तपासताना चूक कोठे पडली, हे मी आधी पाहतो. ‘महत्त्व’ तिथेही अडखळलेले असते. तांबडी शाई मीही वापरतो. परंतु तो जुना शब्द लिहावयास हात धजत नाही.