गॅस ठेवायचा कुठे?

ओएनजीसीतल्या माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं मुंबई हायवर प्रोसेस प्लॅटफॉर्मच्या प्रॉडक्शनमध्ये गेली, शेवटची काही उरणच्या प्लांटमध्ये. भेटणारी माणसं विचारतात ती वादळाबद्दल, चॉपरबद्दल, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी या पाळीबद्दल. मला मात्र सांगावंसं वाटतं ते गॅसबद्दल. तेल काढलं की ते टाकीत ठेवता येतं, जहाजात भरता येतं, चार दिवसांनी विकता येतं. गॅसचं तसं नाही. विहिरीतून निघाल्यावर तो कुणीतरी त्याच वेळी जाळला किंवा वापरला पाहिजे. आमचं सगळं कामच या एका अडचणीभोवती फिरायचं.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, फेब्रुवारी 1974 मध्ये, 'सागर सम्राट' या रिगला मुंबई हायचं तेल लागलं. 21 मे 1976 ला उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकरमधून किनाऱ्याला यायचं आणि सोबत निघणारा गॅस फ्लेअरला जायचा, म्हणजे जळून जायचा. पुढे उरणपर्यंत तेलाची एक आणि गॅसची एक अशा पाइपलाइन समुद्रतळावर टाकल्या, तेव्हा त्या गॅसला वाट मिळाली. माझे वडील मासेमारी करायचे. खोल समुद्रात गेलेल्या नावांना रात्री फ्लेअर लांबून दिसायची. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, "तो जाल तुमी इजवत का नाय रं?" त्याचं उत्तर नीट समजायला मला पुष्कळ ड्यूट्या कराव्या लागल्या.

फ्लेअरची एक छोटी ज्योत सुरक्षेसाठी कायम ठेवावीच लागते. प्लॅटफॉर्मवर कुठेही दाब अचानक वाढला, तर गॅसला बाहेर पडायला तेवढीच वाट असते. ज्योत मोठी झाली की मात्र आमच्या पोटात गोळा यायचा, कारण जळतो तो देशाचा गॅस. ती मोठी होण्याचं कारण बरेचदा आमच्याकडे नसायचंच, ते जमिनीवर असायचं.

रात्रीची पाळी. उरणहून फोन येतो की गॅस घेणारा एक मोठा ग्राहक ट्रिप झाला. खतकारखाना असेल, वीजकेंद्र असेल. त्याने घेणं थांबवलं, पण समुद्रातून येणारा गॅस थांबलेला नाही. उरणला दाब चढू लागतो, मग पाइपलाइनमध्ये, मग तेल आणि गॅस वेगळे करणाऱ्या आमच्या सेपरेटरवर. पाइपलाइन लांब असते, म्हणून थोडा वेळ ती स्वतःच जादा गॅस पोटात घेते. याला आम्ही लाइनपॅक म्हणतो. पण ती सोय काही तासांची. तेवढ्यात ग्राहक सुरू झाला तर ठीक, नाही तर विहिरी कमी कराव्या लागतात.

आणि खरी मेख इथे आहे. समुद्रातल्याच वसई क्षेत्रात निव्वळ गॅसच्या विहिरी आहेत. तिथे चोक, म्हणजे विहिरीचा प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, आवळला की गॅस जमिनीच्या पोटात राहतो, नुकसान काही नाही. मुंबई हायचा बराचसा गॅस तेलात विरघळलेला असतो, तेलाबरोबरच वर येतो. गॅस थांबवायचा तर तेलही थांबवायचं. मग यादी काढायची, आणि ज्या विहिरीत तेलाच्या मानाने गॅस जास्त ती आधी बंद करायची. जुन्या विहिरींत खालचा दाब घटलेला असतो, त्यांना गॅस-लिफ्ट द्यावी लागते, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेला गॅस विहिरीत सोडून तेल वर उचलायचं. अशी विहीर एकदा बंद केली की कधी कधी लगेच चालू होत नाही. तिच्यात पाणी चढतं, मग तिला पुन्हा उठवण्यात दिवस जातात. विहिरींचे स्वभाव ओळखणारे आमचे एक सीनियर होते. कुठली विहीर रुसते आणि कुठली मुकाट्याने परत चालू होते, हे त्यांना यादी न बघता सांगता यायचं. अशा माणसांच्या अंदाजावर किती गॅस जळण्यापासून वाचला, याचा हिशोब कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

पाइपमध्ये साठलेला गॅस सोय आहे तसा धोकाही आहे. 27 जुलै 2005 ला, मुंबई महापुरात बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळावरून वर येणाऱ्या उभ्या पाइपवर, जहाज आदळलं. गॅस सुटला, पेटला आणि काही तासांत सगळा प्लॅटफॉर्म गेला. 22 माणसं मेली. रायझरमध्ये आणि लाइनमध्ये दाबाखाली असलेला गॅस आगीला पुरवठा करत राहतो, म्हणून आपत्कालीन व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. त्यानंतर मस्टर ड्रिलला, म्हणजे आपत्कालीन हजेरीच्या सरावाला, कुणी कंटाळा केलेला मी पाहिला नाही.

गॅसला खरं सुरक्षित कोठार एकच, जमिनीखालचा खडक. जगाने हे फार पूर्वी ओळखलं. कॅनडात ओंटारिओमधल्या वेलंड इथे 1915 मध्ये आणि अमेरिकेत बफेलोजवळच्या झोअर इथे 1916 मध्ये, रिकाम्या होत आलेल्या गॅसक्षेत्रांत गॅस परत भरून ठेवला गेला. आज युरोपातले देश उन्हाळ्यात असा गॅस भरतात आणि हिवाळ्यात काढतात. भरलेल्यापैकी काही भाग कायमचा आतच ठेवावा लागतो, कारण उरलेला बाहेर ढकलायला तो दाब देतो. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा युरोपीय संघाने 1 नोव्हेंबरपर्यंत साठे 80 टक्के भरण्याचं बंधन घातलं. त्यासाठी त्यांनी जगभरातून जहाजांनी द्रवरूप गॅस उचलला, भाव भडकले आणि त्या वर्षी भारताची आयात घटली. काही महिने पुरेल एवढा गॅस कोठारात असणं म्हणजे काय, हे ते वर्ष पाहून कळतं.

आपल्याकडे कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली गुहा आहेत. नैसर्गिक गॅससाठी तसं काही नाही. दहेजला, दाभोळला द्रवरूप गॅसच्या टाक्या आहेत. पण उणे 162 अंशांवर ठेवलेला तो द्रव सतत थोडा थोडा उकळून वायू होत असतो. तो महिनोन्महिने राखून ठेवणं परवडत नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. गुजरातमध्ये अंकलेश्वर, खंभात इथली क्षेत्रं साठ वर्षांहून जुनी आहेत. समुद्रातलीही काही उतरणीला लागली आहेत. ती सगळीच साठ्याला योग्य ठरतील असं नाही. वर गॅस अडवणारा घट्ट थर हवा, जुन्या विहिरी गळक्या नकोत, जवळ पाइपलाइन हवी, आणि समुद्रात हे काम जमिनीपेक्षा कितीतरी महाग पडेल. पण तपासून तरी बघायला हवं. या खडकांची वर्षानुवर्षांची दाबाची नोंद आपल्या कपाटांत आहे, ती वाचू शकणारी माणसं अजून हयात आहेत, त्यातले पुष्कळजण निवृत्तीला आले आहेत. पेट्रोलियम मंत्रालयाने त्यांना आत्ताच बसवून घ्यावं. क्षेत्र संपलं की विहिरी सिमेंटने बुजवल्या जातात, आणि बुजवलेली विहीर पुन्हा उघडणं अतिशय खर्चिक असतं. हा निर्णय बुजवण्याच्या आधी व्हायला हवा.