सात बिऱ्हाडांचे अरण्य

'वानर' आणि 'माकड' हे दोन शब्द आपल्याकडची जुनी माणसे एकमेकांत मिसळू देत नाहीत. लांब शेपटीचा, काळ्या तोंडाचा, अंगाने राखी, झाडाचा पाला ओरबाडीत शांतपणे बसणारा तो वानर. आणि तांबूस तोंडाचे, गालफडांत दाणे कोंबून पळ काढणारे ते माकड. माथेरानच्या वाटेवर ज्याच्या हातची केळी या दुसऱ्या जातीने हिसकावून नेली नाहीत असा प्रवासी विरळाच! परंतु या दोघांपलीकडे त्यांचे आणखी काही भाऊबंद आपल्याच देशात नांदत असतील, ही कल्पना आमच्या घरात तरी कोणास नव्हती. गेल्या मार्गशीर्षात आसामात जाण्याचा योग आला आणि हे अज्ञान पुष्कळसे दूर झाले. त्याच प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

बरोबर सौभाग्यवती होती आणि धाकट्या बंधूंची नऊ वर्षांची मुलगी होती. गुवाहाटीहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे मरियानी स्टेशनात उतरलो. आसामात सूर्य आपल्यापेक्षा पुष्कळच लवकर उगवतो. घड्याळात सहाही वाजले नव्हते, तोच फटफटीत उजाडले होते. तेथून मोटारीने जोरहाट जिल्ह्यातील हुलोंगापार नावाच्या अरण्याकडे निघालो. रस्त्याच्या दोहों अंगांस चहाचे मळे, कातरीने छाटल्यासारखे एका पातळीत पसरलेले. मैलोगणती हेच दृश्य. मग एकाएकी त्या हिरव्या सतरंजीच्या कडेला एक उंच काळपट भिंत उभी राहिली. तेच अरण्य!

अरण्य कसले, बेटच ते! पाण्याऐवजी चहाच्या मळ्यांनी वेढलेले बेट. एके काळी ही झाडी नागा टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत अखंड पसरलेली होती. चहाची लागवड वाढली, वस्त्या झाल्या, आणि मूळच्या रानाचा हा तुकडा तेवढा मागे राहिला. 1881 साली तो राखीव म्हणून जाहीर झाला; 1997 साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ म्हणाल तर अवघे एकवीस चौरस किलोमीटर. येथील होलोंग वृक्षावरून त्याचे नाव पडले आहे. हा वृक्ष खांबासारखा सरळ वाढतो. बुंध्याशी उभे राहून शेंडा पाहू लागले तर डोक्यावरची टोपी मागे पडावी, एवढी त्याची उंची. त्याच्याखाली नागकेशराची गर्द झाडी, तिच्याखाली वेत आणि वेली, आणि तळाशी पानांचा ओला थर.

प्राणिशास्त्रज्ञ माकडे, वानर, कपि आणि त्यांचे सर्व गणगोत 'नरवानर गण' या एका नावाखाली घालतात. आपण माणसेही त्याच गणात मोडतो. समोर पाहणारे दोन डोळे, वस्तू पकडता येईल असा हात, शरीराच्या मानाने मोठा मेंदू आणि पिलांचे दीर्घकाळ संगोपन ही या कुळाची लक्षणे. जगात या गणाच्या पाचशेंहून अधिक जाती आहेत. मादागास्कर बेटावरील लेमूर, दक्षिण अमेरिकेतील शेपटीने फांदी धरणारी माकडे, आफ्रिकेतील गोरिला आणि चिंपान्झी, सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील ओरांगउटान, असा हा अफाट विस्तार आहे. त्यांपैकी सात जाती हुलोंगापारच्या या एवढ्याशा तुकड्यात एकत्र राहतात. पुण्यातील एखाद्या जुन्या वाड्यात सात बिऱ्हाडे असावीत, कोणी तळमजल्यावर, कोणी माडीवर, कोणी गच्चीलगतच्या खोलीत, आणि नळावरच्या किरकोळ कुरबुरी वगळता सर्वांचे सुरळीत चालावे, तसाच हा प्रकार.

हत्तींचा वावर असल्याने बंदूकधारी वनरक्षक बरोबर घेतल्यावाचून आत जाता येत नाही. आम्हांला मिळालेला गृहस्थ मितभाषी होता. परंतु त्याचे डोळे मोठे तीक्ष्ण. वाड्याची उपमा त्याला हिंदीत सांगताच तो हसला आणि म्हणाला, "मग चला, एकेक बिऱ्हाड दाखवतो."

तळमजल्यावरचे भाडेकरी म्हणजे आखूड शेपटीची माकडे. यांची शेपटी जवळजवळ नसल्यातच जमा. तोंड मात्र शेंदूर फासल्यासारखे लाल. ही मंडळी बराचसा काळ जमिनीवरच हिंडतात. ती आम्हांला भेटली नाहीत. ओल्या पानांत त्यांनी केलेली उकराउकर तेवढी वनरक्षकाने दाखविली. जमीन आणि झाड या दोहोंवर सारखाच हक्क सांगणारे दुसरे बिऱ्हाड डुकरासारख्या शेपटीच्या माकडांचे. ती बारीक, वळलेली शेपटी पाठीवर उभारून ऐटीत चालणारा एक नर आमच्या वाटेवरूनच गेला. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र दिसणारे तांबड्या तोंडाचे माकड येथेही आहे, आणि त्याचे जवळचे नातलग आसामी माकडही आहे. या चारही जाती आपल्या माकडांच्याच कुळातल्या. गालांच्या आत पिशव्या असल्यामुळे मिळेल ते घाईघाईने भरून घ्यावे आणि मग निवांत चावावे, हा चौघांचा खाक्या एकच.

पाचवे बिऱ्हाड वानरांचे. डोक्यावर गडद केसांची टोपी, पोटाचा रंग सोनेरी तांबूस, आणि हातभराहून लांब शेपटी खाली सोडलेली, असे सहा-सात वानर एका फांदीवर पाला खात बसले होते. नुसत्या पाल्यावर निर्वाह करणे सोपे नाही. वानरांच्या पोटात निरनिराळे कप्पे असतात. त्यांत सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने पाला आंबतो आणि मग पचतो. म्हणूनच वानर जेवल्यावर स्वस्थ बसून राहतो. त्याच्या त्या शांतपणाला ध्यानस्थ वृत्ती समजणारे आम्ही मात्र फसलो!

सहावा भाडेकरी रात्रपाळीचा. त्याला लोरिस म्हणतात. आसामी लोक त्याला लाजुकी बांदर, म्हणजे लाजरे माकड, असे गोड नाव देतात. दिवसा तो अंगाचा चेंडू करून झोपतो. रात्री बशीएवढाले डोळे उघडून अगदी सावकाश फांदीफांदीने सरकतो आणि झाडांचा डिंक खातो. या लाजाळू प्राण्याचा चावा विषारी असतो, हे ऐकून आमची पुतणी चपापली. दंडाच्या आतील बाजूस असलेल्या ग्रंथीचा स्राव तो चाटतो, आणि तो लाळेत मिसळून विष तयार होते. बिऱ्हाडे परस्परांस अडथळा का करीत नाहीत, याचे उत्तर येथे मिळाले. कोणाचे अन्न निराळे, कोणाचा मजला निराळा, तर कोणाची वेळ निराळी.

सात वाजून गेले असतील. ऊन शेंड्यांवर उतरले आणि एकाएकी रानाच्या माथ्यावरून एक हूक उठली. पाठोपाठ दुसरी, किंचित वेगळ्या स्वराची. मग दोन्ही आवाज एकमेकांत गुंफत, चढत चढत इतके उंच गेले की सगळे अरण्य दणाणून गेले. पुतणीने काकूचा हात घट्ट धरला. "हुलोक!" वनरक्षक हळूच म्हणाला, "नवराबायको गात आहेत."

हे गच्चीवरचे सातवे बिऱ्हाड. हुलोक गिबन हा माकडही नव्हे आणि वानरही नव्हे. तो कपि आहे, गोरिला-चिंपान्झीच्या बाजूचा. भारतात रानावनात राहणारा कपि हा एवढाच. त्याला शेपूट नसते. नर काळाभोर, वर पांढऱ्याशुभ्र भुवया; मादी फिकट तपकिरी. पिलू जन्मतः दुधी रंगाचे असते, पुढे काळे होते, आणि मुलगी असेल तर वयात येताना पुन्हा तपकिरी बनते. नर, मादी आणि दोन-तीन मुले एवढेच त्यांचे कुटुंब असते, आणि सकाळचे गाणे म्हणजे 'ही आमची हद्द' अशी दवंडी. आम्ही पाहत असतानाच तो नर एका हाताने लोंबकळला, झोका घेतला, आणि मधले दोन पुरुष उंचीचे अंतर हवेतून ओलांडून पलीकडच्या फांदीला दुसऱ्या हाताने धरता झाला. पक्ष्यालाही लाज वाटावी असे ते चालणे! तो जमिनीवर सहसा उतरत नाही. पोहता तर त्याला येतच नाही. त्यामुळे ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर हुलोक नाहीत.

परतताना मात्र मन खिन्न झाले. अरण्यातून जाताना वाट एके ठिकाणी मोकळी झाली आणि समोर आगगाडीचे रूळ लखलखू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेल्या या लोहमार्गाने अरण्याचे दोन असमान तुकडे केले आहेत. लहान तुकडा जेमतेम दीड चौरस किलोमीटरचा आहे. माकडे रूळ ओलांडतात, वानरही प्रसंगी उतरतात. पण सातव्या बिऱ्हाडाला ते साधत नाही. नदीने जी हद्द हजारो वर्षांपूर्वी घातली, तीच आपण थोड्याशा लोखंडाने घालून ठेवली.

"पण पलीकडेही झाडे आहेतच की, काका," पुतणी म्हणाली. "ते तिकडेच राहतील."

वनरक्षकाने समजावून दिले, ते असे. हुलोकाची मुले सात-आठ वर्षांची झाली की आईबापांचे घर सोडतात आणि दुसऱ्या कुटुंबातला जोडीदार शोधतात. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिलू होते. म्हणजे वाढ आधीच मंद. लहान तुकड्यात कुटुंबे मोजकीच उरली, तर शोधायचे कोणाला?

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे अहो, रुळापलीकडच्या या मुलींना स्थळे यायची तरी कोठून?"

आम्ही हसलो, पण हसू टिकले नाही. ज्या घरांत सगोत्र-सपिंडाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे, त्या घरांतील वाचकांना या प्रश्नातले मर्म अधिक फोड करून सांगणे नको.

उपाय चालू नाहीत असे नाही. रुळांच्या दोन्ही कडांना झाडे लावण्यात आली, की शेंडे वर मिळावेत. मध्ये एक लोखंडी पूलही उभारला गेला. परंतु हुलोकांनी त्याकडे पाठ फिरवली. त्यांना फांदीसारखे लवचिक काही हवे असते, हे त्यावरून कळून आले, आणि 2025 साली दोरांच्या पुलांची योजना रेल्वे व वनखाते यांनी मिळून हाती घेतल्याचे प्रसिद्ध झाले. रूळ उखडून टाका, असे म्हणण्याचा अधिकार त्याच मार्गाच्या गाडीने मरियानीस उतरलेल्या आम्हांस नाही. पण ज्याने वाट तोडली त्याने पूल बांधावा, एवढा न्याय तर कोणत्याही वाड्यात मानला जातो.

संध्याकाळी मळ्याच्या कडेने परतत असता पुतणी बोटांवर सात नावे मोजीत होती. सातव्या बोटाशी ती थांबली आणि विचारू लागली, "काका, त्या दोराच्या पुलावरून पहिला हुलोक गेला, की आपल्याला कळेल ना?" कळेल, असे मी तिला सांगितले आहे. ते खरे ठरावे, एवढीच इच्छा.